एकाच बोर्डावरचा सिंथ: सोल्डरिंगच्या क्रमापासून ट्यूनिंगपर्यंत

मोकळा_पॅड

नमस्कार मंडळी. रिकामा बोर्ड, पॅनेल आणि सुट्या भागांच्या पिशव्या समोर आहेत. एकाच बोर्डावर ऑसिलेटर, फिल्टर आणि व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा अ‍ॅम्प्लिफायर) असा साधा मोनो व्हॉइस, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजवणारा सिंथेसायझर. सगळे भाग थ्रू-होल (पाय भोकातून घालून सोल्डर करायचे), पुरवठा ±१२ व्होल्ट, युरोरॅकची (मॉड्युलर सिंथच्या केसची) १० पिनांची केबल. आयसी म्हणजे चार टीएल०७४ (प्रत्येकात चार ऑप-अ‍ॅम्प) आणि दोन एलएम१३७०० (करंटने गेन ठरणारे अ‍ॅम्प). ऑसिलेटरच्या एक्स्पोनेन्शियल भागात (जो व्होल्टचं सप्तक करतो) दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टरची जोडी, शिवाय साधारण नव्वद रेझिस्टर आणि तीन मल्टिटर्न ट्रिमर (स्क्रूने फिरवायचे बारीक रेझिस्टर): स्केल, हाय फ्रिक्वेन्सी आणि व्हीसीए ऑफसेट.

साधं सोल्डरिंग येतं, पण इतका दाट बोर्ड पहिलाच. भाग कोणत्या क्रमाने चढवावेत, पहिल्यांदा पॉवर देताना काय तपासावं, ती जोडी कशी निवडावी, आणि एका व्होल्टला बरोबर एक सप्तक कसं जमवावं?

निळा_रेझिस्टर

आयर्न गरम करण्याआधी सगळे रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजून गटागटाने कागदावर चिकटवा. रंगांवर विसंबू नका. एक टक्क्याच्या मेटल फिल्मवर पाच पट्टे असतात आणि निळ्या अंगावर तपकिरी, लाल, नारिंगी हे तिन्ही रंग पिवळ्या दिव्यात एकसारखे दिसतात. १ के, १० के आणि १०० के यांत फक्त चौथा पट्टा बदलतो, आणि तो नेमका याच तीन रंगांपैकी एक असतो. बोर्डावर चढल्यावर मोजण्यात अर्थ नाही, कारण शेजारचे मार्ग समांतर येतात आणि आकडा कमी दाखवतो.

या बोर्डावर एका जोडीकडे खास लक्ष द्या: २२० ओम आणि २२० के. एलएम१३७०० च्या इनपुटला फार तर वीसेक मिलिव्होल्ट सोसतात, त्यापुढे आवाज फाटतो. म्हणून तिथे १०० के आणि २२० ओमचा डिव्हायडर असतो. १० व्होल्ट पीक-टू-पीकचे २२ मिलिव्होल्ट होतात. तिथे चुकून २२० के बसला तर सिग्नल जेमतेम घटतो आणि फिल्टरमधून सगळंच चौकोनी होऊन बाहेर येतं. मग लोक आयसी बदलत बसतात.

सिरॅमिक कॅपॅसिटरवरचे आकडे: १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १० नॅनो, १०२ म्हणजे १ नॅनो, १०१ म्हणजे १०० पिको. इथपर्यंत सगळ्यांना येतं. फसवतो तो '२२०'. तो २२० पिको नाही, २२ पिको आहे. शेवटचा आकडा शून्यांची संख्या सांगतो, आणि इथे शून्यं शून्य. २२० पिकोवर २२१ लिहिलेलं असतं.

कॅपॅसिटरची जातही बघा. आयसीच्या पुरवठ्याजवळचे १०० नॅनोचे एक्स७आर (सिरॅमिकची साधी जात) असले तरी चालतात. ऑसिलेटरच्या इंटिग्रेटरमधला (कॅपॅसिटर भरून लहर घडवणाऱ्या भागातला) १ नॅनोफॅरड मात्र सी०जी (सिरॅमिकची स्थिर जात), पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रोपिलीन फिल्मचाच हवा. एक्स७आरची धारिता तापमानानुसार आणि त्यावरच्या व्होल्टेजनुसारही बदलते, म्हणजे सूर सरकणार. पॉलिस्टायरीन असेल तर डाग पटकन द्या, ते उष्णतेने वितळतं.

क्रम एकच: बुटके आधी, उंच नंतर. रेझिस्टर, डायोड, आयसीची सॉकेटं, छोटे सिरॅमिक, ट्रान्झिस्टर, फिल्म कॅपॅसिटर, ट्रिमर, इलेक्ट्रोलिटिक, शेवटी पॉवरचा हेडर. बोर्ड उलटा ठेवल्यावर भाग टेबलाला टेकून जागच्या जागी राहावा, एवढंच त्यामागचं कारण. पॉट (खुंटीने फिरवायचे रेझिस्टर), जॅक, स्विच आणि एलईडी या यादीत येत नाहीत, त्यांचं वेगळं प्रकरण आहे.

उलटी_पट्टी

वरच्याशी सहमत. आता दिशा असलेले भाग, कारण नव्या बोर्डाचे बहुतेक बळी इथलेच.

इलेक्ट्रोलिटिकचा लांब पाय धन, अंगावरची पट्टी ऋण. टँटलमवर याच्या बरोबर उलट, तिथे पट्टी धन बाजू दाखवते. दोन्ही एकाच बोर्डावर असतील तर टँटलम वेगळ्या डबीत ठेवा. उलटा बसलेला टँटलम सरळ पेटतो.

−१२ च्या रेलवरचा (पुरवठ्याच्या मार्गावरचा) इलेक्ट्रोलिटिक बघताना डोकं शांत ठेवा. त्याचा धन पाय ग्राउंडला आणि ऋण पाय −१२ ला जातो, कारण दोघांत ग्राउंडच वरच्या व्होल्टेजला आहे. 'धन पाय म्हणजे बारा व्होल्ट' असं पाठ केलेला माणूस हा हमखास उलटा लावतो.

डायोडची पट्टी सिल्कस्क्रीनवरच्या (बोर्डावर छापलेल्या आकृतीतल्या) पट्टीशी जुळवा. आयसीची खाच सॉकेटच्या खाचेशी, सॉकेटची बोर्डावरच्या खाचेशी. टीएल०७४ ला पिन ४ वर धन आणि पिन ११ वर ऋण पुरवठा लागतो. आयसी उलटा फिरवला की ४ च्या जागी ११ येते, म्हणजे पुरवठा थेट उलटा. आयसी जायला दहा-वीस सेकंद पुरतात.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू स्वतःकडे आणि पाय खाली धरा. बीसी५४७ आणि बीसी५५७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ आणि २एन३९०६ चे एमिटर, बेस, कलेक्टर. बोर्डावरची अर्धगोल आकृती यादीत लिहिलेल्या नंबरासाठीच काढलेली असते. पिशवीत दुसऱ्या घराण्याचा नंबर निघाला तर तो १८० अंश फिरवून लावायचा.

सोल्डरविक

डागाबद्दल. ६३/३७ चं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, आयर्न ३२० ते ३५० वर ठेवा. शिसेविरहित असेल तर वितळणबिंदू २१७ च्या पुढे, आयर्न ३५० ते ३८०. तार ०.७ किंवा ०.८ मिलिमीटर. टोकदार सुईसारख्या टिपेपेक्षा दीडेक मिलिमीटरची छिन्नी टिप बरी, उष्णता पोचते.

टिप पॅड आणि पाय दोघांना टेकवा, सेकंदभराने सोल्डर दुसऱ्या बाजूने लावा, एकूण दोन-तीन सेकंदांत काम संपलं पाहिजे. ग्राउंडचे पॅड याला अपवाद. ते मोठ्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता ओढून घेतात आणि वरून चकचकीत, आतून न चिकटलेला डाग तयार होतो. तिथे चार-पाच सेकंद द्या, तापमान वाढवू नका. बोर्ड 'कधी चालतो, कधी नाही' म्हणून जो बदनाम होतो, त्यात या ड्राय सोल्डरचा वाटा सगळ्यात मोठा.

पॉट आणि जॅक: आधी बोर्डाच्या कोणत्या बाजूला बसतात ते पक्कं करा. बऱ्याच बोर्डांवर ते आयसीच्या विरुद्ध बाजूला असतात, आणि सोळा जॅक काढून पुन्हा लावणं म्हणजे पॅड उखडण्याला आमंत्रण. सगळे पॉट, जॅक, एलईडी फक्त भोकांत घाला, वरून पॅनेल चढवा, नट हलके आवळा, बोर्ड पॅनेलला समांतर आहे का बघा. मग प्रत्येकाचा एकेक पाय सोल्डर करा, पुन्हा बघा, मग उरलेले. आधी सोल्डर आणि नंतर नट असं केलं तर आवळताना सगळा ताण डागांवर येतो. एलईडीची उंचीही पॅनेल लावल्यावरच ठरवा.

धातूच्या अंगाचे पॉट बोर्डाला अगदी चिकटून बसत असतील तर खालच्या पॅडांना अंग टेकत नाही ना ते पाहा. टेकत असेल तर खाली चिकटपट्टीचा तुकडा.

अर्धवट_लॉग

पॉटचा विषय निघालाच आहे तर: अंगावरच्या ए आणि बी अक्षरांवर आंधळा विश्वास नको. सध्याच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर, पण जुन्या युरोपीय मालात हे उलटं असतं. खुंटी बरोबर मध्यावर ठेवून मोजा. १०० केच्या पॉटवर ५० केच्या आसपास आलं तर लिनियर, १० ते १५ के आलं तर लॉग. कटऑफचा (फिल्टर कुठून कापतो ते ठरवणारा) पॉट लिनियर हवा, कारण वक्र मागच्या एक्स्पोनेन्शियल भागातून येतो; तिथे लॉग बसवला तर अर्धी फेरी मेलेली वाटते.

रेलवरचा

पहिली पॉवर. सगळे आयसी सॉकेटाबाहेर. (सॉकेटं नकोत, थेट सोल्डर करा असं म्हणणारे भेटतील. सॉकेट जुनं झालं की कुरकुरतं, हे खरं. पण पहिल्या बोर्डाला सॉकेटंच वापरा.)

१. पॉवर न देता मीटर बीपवर. +१२ ते ग्राउंड, −१२ ते ग्राउंड, +१२ ते −१२. क्षणभर बीप येऊन थांबला तर तो इलेक्ट्रोलिटिक भरत होता, काळजी नाही. बीप चालूच राहिला तर शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

२. करंट मर्यादा घालता येणारा पुरवठा असेल तर ५० मिलिअँपिअरवर. नसेल तर दोन्ही रेलमध्ये ४७ ओमचा एकेक रेझिस्टर मालिकेत घाला.

३. पॉवर देऊन काळी तार ग्राउंडवर, लाल तार सॉकेटांवर. टीएल०७४ च्या प्रत्येक सॉकेटात पिन ४ वर +११.७ ते ११.९ व्होल्ट, पिन ११ वर तेवढेच ऋण. एलएम१३७०० ला पिन ११ वर धन, पिन ६ वर ऋण. पूर्ण बारा नाहीत म्हणून घाबरू नका, पुरवठ्याच्या तोंडाशी संरक्षक शॉटकी डायोड आहे आणि तो थोडं खातो.

४. पॉवर बंद. एक आयसी बसवा, पॉवर द्या, बोट ठेवून बघा, बंद करा, पुढचा. टीएल०७४ च्या एका अ‍ॅम्पला साधारण १.४ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे अख्ख्या आयसीला साडेपाचच्या आसपास. २४ व्होल्टवर ते सव्वाशे-दीडशे मिलिवॅट होतात. किंचित कोमट लागणारच. बोट टिकत नसेल तर काहीतरी उलटं आहे. चारही टीएल०७४ आणि दोन्ही एलएम१३७०० मिळून तीसेक मिलिअँपिअर ही ठीक गोष्ट, शंभर नाही.

केबलबद्दल वेगळं सांगतो. लाल पट्टी म्हणजे −१२. दहा पिनांत क्रम −१२, तीन ग्राउंड, +१२, प्रत्येकी दोन पिना. उलटी लागली तर +१२ आणि −१२ अदलाबदल होतात, आणि डायोड असल्यास बोर्ड वाचतो. सोळा पिनांच्या केबलीत पुढे +५, सीव्ही (सूर ठरवणारं नियंत्रण व्होल्टेज) आणि गेट (सूर चालू-बंद करणारा संकेत) येतात. ती उलटी लागली तर बोर्डावरच्या एकत्र जोडलेल्या ग्राउंड पिनांवर बसबोर्डचे +१२, +५ आणि सीव्ही येऊन पडतात. तुमचा बोर्ड एखाद वेळेस वाचेलही, पण +५ च्या रेलवर १२ व्होल्ट गेल्याने केसमधला भलताच मॉड्यूल जाऊ शकतो. म्हणून कुंपणवाला हेडर लावा आणि केबलीची खाच कुठल्या बाजूला क्रिंप झाली आहे तेही मीटरने तपासा.

मोकळा_पॅड

अतिशय उपयोगी. मोजणी: सगळ्या सॉकेटांवर +११.८ आणि −११.८. आयसी अजून बाहेरच आहेत. ट्रान्झिस्टर जोडीची जागा रिकामी ठेवली आहे. वीस बीसी५४७ आहेत, त्यातून दोन कसे निवडू?

तापमापक

दोन-दोन घेऊन थेट फरक मोजा, एकेकट्याचं व्हीबीई (बेस-एमिटर व्होल्टेज) मोजण्यापेक्षा ते बरं. ब्रेडबोर्डवर प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बेस आणि कलेक्टर एकत्र जोडा, एमिटर ग्राउंडला. १२ व्होल्टवरून प्रत्येकाला वेगळा १०० के. करंट साधारण ०.११ मिलिअँपिअर होतो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत मोजा. खोलीचं तापमान दोघांना सारखंच लागत असल्याने ते आकड्यातून बाद होतं. एक ट्रान्झिस्टर कायम ठेवून उरलेले एकोणीस त्याच्याशी ताडा, आणि ज्या दोघांचे आकडे एक मिलिव्होल्टच्या आत आहेत ते घ्या.

दोन अटी. चिमट्याने बसवा आणि दोन मिनिटं थांबा, कारण व्हीबीई दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घसरतं आणि बोटाची ऊब तेवढ्याला पुरते. दुसरं, ते दोन १०० के आपसात एक टक्क्याने वेगळे असतील तर पाव मिलिव्होल्टची खोटी तफावत येते. ट्रान्झिस्टर अदलाबदल करून पुन्हा मोजलं की कळतं.

आता थोडं उलटं बोलतो. जुळणीवर लोक जितका जीव टाकतात तितकी ती निर्णायक नाही. खोलीच्या तापमानाला एका सप्तकाला बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट लागतात. म्हणजे १ मिलिव्होल्टची स्थिर तफावत ६७ सेंट्सची (एका सप्तकात १२०० सेंट्स), आणि ती कोर्स ट्यूनच्या खुंटीने एका झटक्यात जाते. जात नाही ती दोन ट्रान्झिस्टरांच्या तापमानातली तफावत. एक दुसऱ्यापेक्षा ०.१ अंश गरम झाला की ०.२ मिलिव्होल्ट, म्हणजे १३ सेंट्स, आणि ते सारखं हलत राहतं. म्हणून दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना भिडवा, मध्ये थर्मल पेस्टचा ठिपका, वरून हीटश्रिंक. समोरासमोर भिडवल्यावर एकाचे पाय दुसऱ्याच्या उलट क्रमाने येतात, सिल्कस्क्रीन तशी काढली आहे का ते बघूनच घाला.

बोर्डावर ३३०० पीपीएमचा टेम्पको (तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढणारा) रेझिस्टर असेल तर तोही याच जोडीला चिकटवायचा, दूर उभा ठेवला तर तो नुसता शोभेचा. त्याचं काम असं की ते १८ मिलिव्होल्ट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतात, ३०० केल्विनला दर अंशी एक तीनशेवा भाग. टेम्पको नसेल तर खोली एका अंशाने तापल्यावर संदर्भसुरापासून पाच सप्तकांवर २० सेंट्सचा फरक पडतो. सोल्डर करून झाल्यावर जोडीवर कागदाची किंवा फोमची टोपी ठेवा, पंख्याचा झोत लागला तरी सूर थरथरतो.

उलटी_पट्टी

ज्यांना हा उद्योग नको त्यांना एकाच चिपवरची जोडी मिळते, उदा. एसएसएम२२१२. दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनवर असल्याने तापमानाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. पण ती पृष्ठभागावर बसणाऱ्या छोट्या पाकिटात येते, थ्रू-होल बोर्डाला अ‍ॅडॅप्टर लागेल.

मोकळा_पॅड

जोडी ०.४ मिलिव्होल्टच्या आत मिळाली, लावली. सगळे आयसी बसवले, एकूण करंट ३१ मिलिअँपिअर. ऑसिलेटरच्या टीएल०७४ वर छान सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर) मिळतो. फिल्टरच्या पुढे मात्र शुकशुकाट. फिल्टरच्या एलएम१३७०० ची पिन १ आणि पिन १६, दोन्ही −११.६ दाखवतात. कटऑफ फिरवला तरी हलत नाहीत. पिन ६ सुद्धा −११.६.

रेलवरचा

आयसी काढू नका, तो बहुधा बरा आहे. पिन १ आणि १६ हे करंटचे दरवाजे. तिथून आत करंट जात असेल तर ती पिन ऋण रेलच्या दोन डायोड वर बसते, म्हणजे तुमच्याकडे −१०.३ च्या आसपास दिसायला हवं. ऋण रेलएवढंच दिसतंय याचा अर्थ करंट पोचतच नाही. तो देणारा पीएनपी ट्रान्झिस्टर शोधा आणि त्याच्या तिन्ही पायांवर किती आहे ते सांगा. अंगावरचा नंबरही.

एक सावधगिरी: 'करंट नाही तर देऊ' म्हणून पिन १ ला तारेने +१२ लावू नका. कमाल मर्यादा २ मिलिअँपिअर आहे, रेझिस्टरशिवाय लावलं की आयसी संपला.

मोकळा_पॅड

पिशवीतून बीसी५५७ आले होते, यादीत २एन३९०६ लिहिलंय. सिल्कस्क्रीनप्रमाणे बसवलेत. सर्किटमध्ये एमिटर असायला हवा त्या पॅडवर +०.९, बेसवर ०.०२, तिसऱ्यावर −११.६.

उलटी_पट्टी

कलेक्टर-एमिटर उलटे आहेत. आकृती २एन३९०६ साठी आहे, बीसी५५७ फिरवून लावा. उलट्या जोडणीत ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, पण त्याचा गेन अगदी क्षुल्लक उरतो आणि बेस-एमिटर जंक्शनवर उलटं व्होल्टेज पडतं. बीसी५५७ ला तिथे ५ व्होल्टच सोसतात, तुमच्याकडे अकरा आहेत. काढलेला पुन्हा वापरू नका, नवा घ्या.

सोल्डरविक

काढताना तिन्ही पाय एकदम वितळवायचा आटापिटा नको. वरून पाय कापा, मग एकेक तुकडा खालून तापवून चिमट्याने ओढा. भोक बंद राहिलं तर थोडं ताजं सोल्डर घालून पंपाने ओढा. जुनं, फ्लक्स उडालेलं सोल्डर ओढलं जात नाही. दहा रुपयांच्या भागासाठी पॅड उखडू नये, भाग मेला तर मरू दे.

निळा_रेझिस्टर

पुढे असं काही अडलं तर ऑडिओ प्रोब करून ठेवा. जॅकच्या केबलीच्या मधल्या तारेला १०० नॅनोफॅरड आणि १० के मालिकेत लावून टोकाला सुई, ग्राउंडला मगरचिमटा. कॅपॅसिटर डीसी अडवतो, रेझिस्टर तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला सांभाळतो. आवाज अगदी कमी ठेवा, इथले सिग्नल १० व्होल्टचे आहेत. ऑसिलेटरपासून एकेक पायरी पुढे सरकत जायचं. आवाज जिथे संपतो तिथे मीटर घेऊन थांबायचं.

ऑप-अ‍ॅम्पसाठी आणखी सोपी कसोटी. फीडबॅक चालू असेल तर दोन्ही इनपुट पिनांवर व्होल्टेज सारखं दिसतं, काही मिलिव्होल्टच्या फरकाने. ते वेगळं आणि आउटपुट एका रेलला चिकटलेलं असेल तर फीडबॅकचा मार्ग तुटलाय किंवा आयसी गेलाय, आणि आधी शक्यता मार्ग तुटल्याची. कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा) म्हणून वापरलेल्या अ‍ॅम्पला ही कसोटी लागू नाही, तो रेलला चिकटणं हेच त्याचं काम.

मोकळा_पॅड

बीसी५५७ नवे, फिरवून. पिन १ वर −१०.३, कटऑफ फिरवल्यावर थोडं हलतं आणि फिल्टर बोलायला लागला. आता ट्यूनिंग.

तापमापक

पॅनेल लावून, केसमध्ये बसवून, अर्धा तास चालू ठेवा. उघड्या टेबलावर केलेलं ट्यूनिंग केसमध्ये टिकत नाही.

सीव्ही कुठून देताय ते आधी ठरवा. तुमच्या बोर्डाचं इनपुट १०० केचं आहे. कीबोर्ड किंवा सीक्वेन्सरच्या आउटपुटला मालिकेत १ के असेल तर एक टक्का तिथेच जातो, दर सप्तकाला १२ सेंट्स. म्हणून ज्या स्रोताने वाजवणार त्यानेच ट्यून करा. त्याच स्रोताला साध्या तारेने फोडून दोन ऑसिलेटर जोडले तर भार ५० केचा होतो, तूट दोन टक्क्यांवर जाते आणि दोन्ही ऑसिलेटर एकत्र चुकतात. तिथे बफर्ड मल्टिपल (प्रत्येक फाट्याला वेगळा अ‍ॅम्प देणारा मॉड्यूल) लागतो. मीटर तपासताना लक्षात ठेवा: १ मिलिव्होल्ट म्हणजे १.२ सेंट्स. शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा दाखवणारा मीटर इथे कामाचा नाही.

मग असं करा. हाय फ्रिक्वेन्सीचा ट्रिमर पूर्ण बंद बाजूला, स्केलचा मध्यावर. १ व्होल्ट देऊन कोर्स ट्यूनने ११० हर्ट्झ आणा. ३ व्होल्ट द्या, ४४० यायला हवेत. ४४० पेक्षा जास्त आले तर सप्तक रुंद आहे, स्केल कमी करा. कमी आले तर वाढवा. ट्रिमर हलवला की ११० सुद्धा हलतात, तेव्हा १ व्होल्टवर परत या, कोर्सने ११० करा, पुन्हा ३ व्होल्ट. पाच-सहा फेऱ्या लागतात. नवखे लोक वरचा सूर ट्रिमरने बरोबर ४४० वर आणून थांबतात, आणि खालचा सुटलेला असतो. तुम्ही सूर लावत नाही आहात, दोन सुरांमधलं अंतर लावताय.

११०, २२०, ४४०, ८८० जमले की वर जा. ३५२० च्या पुढे सूर उतरत जाईल. सॉटूथला कॅपॅसिटर रिकामा करायला जो वेळ लागतो तो प्रत्येक आवर्तनात भर घालतो. तो १ मायक्रोसेकंद धरला तर ५०० हर्ट्झला सेंटभरही फरक नाही, ५००० हर्ट्झला साडेआठ सेंट्स. हा उतार स्केलने भरून काढायचा नाही, नाहीतर मधली सप्तकं बिघडतील. त्यासाठीच दुसरा ट्रिमर आहे. तो वाढवून वरचं सप्तक जमवा आणि मग एकदा ११०–४४० पुन्हा ताडा.

मोकळा_पॅड

वरची सप्तकं दोन सेंट्सच्या आत आली, हाय ट्रिमरने ३५२० पण. पण खाली अडतंय. २७.५ हर्ट्झ यायला हवेत तिथे २९.१ येतात, आणि ५५ च्या जागी जवळजवळ ५६.६. वर सगळं सरळ आणि खाली चढं, हे स्केलचं लक्षण वाटत नाही.

सोल्डरविक

बोर्ड धुतला का?

तापमापक

तोच प्रश्न. हर्ट्झमध्ये बघा: एकीकडे १.६ जास्त, दुसरीकडेही १.६ जास्त. ठरावीक हर्ट्झची भर म्हणजे ठरावीक करंटची गळती. १ नॅनोफॅरडवर ५ व्होल्टचा सॉटूथ २० हर्ट्झला चालवायला फक्त १०० नॅनोअँपिअर लागतात. १२ व्होल्टच्या एखाद्या पायापासून इंटिग्रेटरच्या इनपुटपर्यंत १ गिगाओमची वाट असली तर तिथून १२ नॅनोअँपिअर येतात, म्हणजे त्या सुरावर १२ टक्के, जवळजवळ दोन सेमीटोन. तुमच्याकडे १.६ हर्ट्झ म्हणजे ८ नॅनोअँपिअर, दीड गिगाओम. फ्लक्सचा थर, त्यावर बोटाची घाम-धूळ आणि दमट हवा एवढ्याने ते सहज होतं.

सोल्डरविक

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश. पॉवर काढून, आयसी बाहेर. इंटिग्रेटरचा १ नॅनो, त्याच्या शेजारचा टीएल०७४ चा सॉकेट आणि ट्रान्झिस्टर जोडी, एवढा भाग दोन्ही बाजूंनी. महत्त्वाचं हे की विरघळलेला फ्लक्स तिथेच वाळू देऊ नका, नाहीतर तो नुसता पातळ होऊन जास्त पसरतो. ओला असतानाच कापड टेकवून टिपून घ्या, मग स्वच्छ अल्कोहोलने दुसरा हात. पॉट, ट्रिमर, स्विच आणि जॅकमध्ये द्रव शिरू देऊ नका, त्यांच्या पट्ट्यांवर फ्लक्स गेला की कायमची खरखर. बोर्ड तिरका धरा, म्हणजे ओघळ त्यांच्या उलट दिशेला जातो. तासभर वाळवा.

पाण्यात विरघळणाऱ्या फ्लक्सचं सोल्डर वापरलं असेल तर धुणं ऐच्छिक नाहीच. तो तांबं खातो.

मोकळा_पॅड

साधा रोझिनवालाच होता. धुतला, वाळवला. २७.५ च्या जागी २७.६. उरलेलं चालेल. आता फक्त व्हीसीए: गेट दिला की सुरुवातीला आणि शेवटी 'ठप' येतो, ऑडिओ नसतानाही.

रेलवरचा

तिसरा ट्रिमर त्याचसाठी. ऑडिओची केबल काढा, एन्व्हलपचा (आवाजाचा चढ-उतार ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) अटॅक म्हणजे चढ आणि रिलीज म्हणजे उतार शून्यावर, गेटला सेकंदाला चार-पाच ठोके द्या. आउटपुट ऐकत ट्रिमर सावकाश फिरवा. ठप कमी होत जाईल, एका जागी जवळजवळ नाहीसा होईल आणि पुढे पुन्हा वाढेल, तळाशी थांबा. एलएम१३७०० च्या दोन इनपुटांत मिलिव्होल्टभर ऑफसेट असतो आणि गेन वाढला की तोही आउटपुटवर वाढतो, आवाज त्याचा. ट्रिमर टोकापर्यंत जाऊनही ठप तळ गाठत नसेल तर दोन्ही इनपुटांवरचे २२० ओम मोजा. एका बाजूचा डाग अर्धवट असला की असंच होतं. शून्य मात्र कधीच होत नाही. उरलेल्यासाठी अटॅक दोन-तीन मिलिसेकंदांवर ठेवला की पुरे.